खर्जाची जागा

वडिलांनी तो संगणक व्हिएन्नाहून आणला,
हिवाळी कोटात गुंडाळून,
पिशवीत वर दोन किलो संत्री.
सीमेवरच्या शिपायाने संत्री ठेवून घेतली
आणि पिशवी परत देताना
जरा आपटलीच.

घरी सगळं चालू होतं. पडदा निळा, कळा शाबूत.
आवाजाच्या चिपमधल्या तीन गळ्यांपैकी
एक बसला होता कायमचा,
हे कळायला आम्हाला तीस वर्षं लागली.
मिश्कोल्त्सच्या आमच्या गल्लीत
दुसरा संगणक होता कुणाकडे,
पडताळून बघायला?

कॅसेट सात मिनिटं किरकिरायची.
तोवर बुल्चू आणि मी
पाव आणि मिरचीचा मुरंबा संपवायचो.
खेळातला पाणबुड्या तिसऱ्या पातळीवर
तळाशी पोचला की ते लागायचं:
बेचाळीस सेकंदांचं,
स्वतःचं शेपूट तोंडात धरलेलं.
एक सूर वर चढायचा,
दुसरा त्याच्यामागे पायऱ्या मोजत उतरायचा
आणि मध्येच भोकं.

त्या भोकांत, खिडकीबाहेरून,
पोलाद कारखान्याच्या रात्रपाळीचा घण पडायचा.
कधी समेवर.
बहुतेकदा जरा मागून.
आम्हाला वाटायचं, बांधणाऱ्याने तसंच बांधलंय.

आता मी दिवसा ट्राम चालवते
आणि रात्री जुन्या खेळांची गाणी
नव्याने बांधते.
पैसे मिळत नाहीत, मागायचा हक्कही नाही.
मूळ रचणाऱ्याची खेळात तीन आद्याक्षरं फक्त,
त्यातलं एक उलटं छापलेलं.

वरच्या मजल्यावरचा रेझो सिंबलोम वाजवतो.
साठ वर्षं लग्नांत वाजवलं,
आता डावा हात निम्मंच ऐकतो.
सूर ऐकून म्हणाला, "हे कुठल्या गावचं?"
म्हटलं, "पाण्याखालच्या."
त्याने मान डोलावली,
जणू तिकडचीही दोन-चार लग्नं केली होती.

मग ग्दान्स्कच्या कुणी भल्या माणसाने
मूळ फाइल पाठवली.
तिन्ही गळे शाबूत.
आणि तिसरा, खर्जातला,
लठ्ठ मामासारखा सोफ्यावर पसरून बसलेला,
प्रत्येक मात्रेवर हजर.
एकही भोक नाही.
गाणं आता पुरं होतं.
मला त्यात उभं राहायला जागा नव्हती.

तरी प्रामाणिकपणे सगळं वाजवलं,
मिसळलं, बुल्चूला पाठवलं रॉटरडॅमला.
तो तिथे जहाजांना वेल्डिंग करतो.
उत्तर आलं: "छान. कुणाचं आहे?"

खर्ज काढून टाकला.
त्या जागी घण बसवावा म्हणून शोधत बसले.
कारखान्यात आता गवत आणि कबुतरं.
घणाचे आवाज विकत मिळतात, पन्नासाचा गठ्ठा,
पण सगळे घासूनपुसून लख्ख,
सगळे वेळेवर.
एकाही घणाला
रात्री तीनची जांभई नव्हती.

मोकळंच ठेवलं.
रेझो भडकला: "एमोके, सम अशी रस्त्यावर सोडतेस?"
पण वाजवताना त्या त्या जागी
काठ्या हवेत धरून थांबला,
हनुवटीने मात्रा मोजत.
नीट ऐकलंत तर तिथे
त्याचा श्वास ऐकू येतो. तो मी पुसला नाही.

रविवारी बुल्चूचं ध्वनिमुद्रण आलं.
शब्द एकही नाही.
लांबून, फोनवर लागलेलं आमचं गाणं,
आणि त्याच्या भोकांत धप्.
धप्.
स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर त्याची टाच,
नेहमीसारखी जरा मागून.

शेवटाकडे खालच्या बिऱ्हाडातलं कुणीतरी
वैतागून
छताला झाडूचा दांडा ठोकतं.

सबंध गाण्यात
तेवढा एकच ठोका
बरोबर समेवर पडलाय.